डोहाळे तिरामिसूचे

डोहाळे कशाचे लागावेत याला काही नियम नाही. आमच्या आईच्या पिढीत चिंचा, कैऱ्या, आवळे, फार तर भाजलेली माती नि पाटीवरची पेन्सिल, एवढीच यादी असे. आताच्या मुली पुण्याला, बंगळूरला शिकून, नोकऱ्या करून आलेल्या असतात. चार वेगळ्या चवी त्यांच्या जिभेला ठाऊक झालेल्या असतात. त्यामुळे इथे भिलाईत, ओळखीच्या एका घरात, सातवा महिना लागलेल्या सुनेला तिरामिसू खावंसं वाटलं यात नवल नाही. कौतुक वाटलं ते तिच्या सासूबाईंचं. "बाहेरून कशाला आणायचं? डोहाळजेवणाला मीच करते. भाजायचं नाही, तळायचं नाही, थर लावायचे नि फ्रीजमध्ये ठेवायचं. त्यात काय अवघड?" असं म्हणून त्यांनी एक पाककृती वहीत उतरवून घेतली आणि मला दाखवायला आणली. पाककृती अस्सल इटालियन होती. तिच्यात सहा अंडी होती आणि सहाही कच्ची.

डोहाळजेवण एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात. भिलाईचा एप्रिल ज्यांनी काढला आहे त्यांना पुढचं सांगायला नको. दुपारी पारा चाळिशीच्या वर, रात्रीही भिंती गरम, आणि मे उजाडला की पंचेचाळीसच्या गोष्टी सुरू. अशा दिवसांत कच्च्या अंड्याचा गोड पदार्थ, तोही गर्भारशीच्या ताटात! म्हणून आजचा लेख त्या सहा अंड्यांवर. तिरामिसू करायचंच, फक्त त्यातून कच्चं अंडं काढायचं आणि तरी त्याला तिरामिसू म्हणता आलं पाहिजे.

आधी हा पदार्थ आहे तरी काय ते पाहू. इटलीच्या ईशान्येला व्हेनेतो प्रांतात त्रेव्हिसो नावाचं शहर आहे. तिथल्या 'ले बेक्केरिए' या उपाहारगृहात १९७०च्या सुमारास तिरामिसू पहिल्यांदा पानात वाढलं गेलं, असं बहुतेक जण मानतात. कॉफीत बुडवलेली लांबट बिस्किटं, त्यावर मस्कार्पोने नावाचं मऊ चीज, अंड्यांचा बलक आणि साखर फेटून केलेला थर, वरून कोको पावडर. झालं तिरामिसू. उपाहारगृहाचे मालक आदो कांपेओल २०२१ साली वारले तेव्हा जगभरच्या वर्तमानपत्रांनी त्यांना 'तिरामिसूचे जनक' म्हटलं. खरं तर पदार्थ जमवला तो त्यांच्या पत्नी आल्बा आणि स्वयंपाकी रोबेर्तो लिंग्वानोत्तो यांनी. स्वयंपाकघरातल्या श्रेयाचं असं होतं ते फक्त आपल्याकडेच नव्हे, हे वाचून बरं वाटावं की वाईट, कळत नाही. शेजारचा फ्रिउली प्रांतही या पदार्थावर हक्क सांगतो. २०१७ साली इटलीच्या कृषी मंत्रालयाने तिरामिसूची नोंद फ्रिउलीच्या पारंपरिक पदार्थांत केली तेव्हा व्हेनेतोवाले चांगलेच रागावले होते. आपल्याकडे रसगुल्ल्यावरून बंगाल आणि ओडिशात जे झालं, त्यातलाच प्रकार.

पण मला या कथेतला आवडला तो भाग निराळा आहे. कांपेओल घराण्यात सांगतात की आल्बा बाळंतीण असताना त्यांच्या सासूबाई त्यांना अंगात ताकद यावी म्हणून बलक आणि साखर फेटून, त्यात कॉफी घालून देत. पुढे त्याच चवीवरून तिरामिसू सुचलं. नावाचा अर्थही 'मला वर उचल', म्हणजे मरगळ घालव, असा आहे. आपल्याकडे डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, तसा त्यांच्याकडे हा खुराक. एका सासूने सुनेसाठी केलेल्या पदार्थातून आलेलं पक्वान्न भिलाईतल्या सासूने सुनेसाठी करायचं ठरवलं, हे मला फार छान वाटलं. फक्त तेव्हाचं त्रेव्हिसो आणि आजची आपल्याकडची अंडी यांत फरक आहे, आणि त्या फरकाचं नाव सालमोनेला.

सालमोनेला हा जंतू कोंबडीच्या आतड्यात असतो. अंड्याच्या टरफलाला लागलेल्या घाणीतून तो येतो, हे पूर्वीपासून माहीत होतं. पण त्याची एक जात अशी आहे की ती कोंबडीच्या अंडाशयातच मुक्काम करते. मग टरफल तयार होण्याआधीच जंतू अंड्याच्या आत गेलेला असतो. टरफल स्वच्छ, न तडकलेलं, अंडं अगदी ताजं, तरीही आत जंतू. १९८८ साली इंग्लंडमध्ये यावरून केवढा गहजब झाला होता! तिथल्या आरोग्य खात्याच्या मंत्री एडविना करी यांनी देशातल्या बहुतेक अंड्यांच्या उत्पादनात सालमोनेला आहे असं विधान केलं, अंड्यांचा खप कोसळला आणि दोन आठवड्यांत त्यांना राजीनामा द्यावा लागला. पुढे तिथे कोंबड्यांना लस टोचायला सुरुवात झाली. अखेर २०१७ मध्ये तिथल्या अन्नसुरक्षा संस्थेने सांगितलं की सिंहाचा शिक्का असलेली ब्रिटिश अंडी गर्भवतींनी कच्ची किंवा अर्धी कच्ची खाल्ली तरी चालतील. परदेशातली बहीण किंवा वहिनी फोनवर "आम्ही तर कच्चं घालतो, काही होत नाही" म्हणते ती यामुळे. तिचं तिच्या जागी बरोबर आहे. आपल्याकडे तीस अंड्यांचा ट्रे उन्हातून हातगाडीवर येतो, दुकानात पंख्याखाली राहतो आणि त्यावर असा कुठलाही शिक्का नसतो.

बाकीच्या घरादाराला बाधा झाली तर दोन-चार दिवस पोट बिघडतं, ताप येतो, अशक्तपणा येतो नि बहुतेक जण बरे होतात. पण गर्भारशी, तान्ही मुलं, म्हातारी माणसं आणि मधुमेहासारखे आजार असलेली माणसं यांचं तसं नसतं. भर उन्हाळ्यात सातव्या महिन्यात जुलाब-उलट्यांनी शरीरातलं पाणी कमी होणं हे आईला आणि बाळाला, दोघांनाही जड जातं. आणि डोहाळजेवणाला जमतं कोण? नेमकी हीच मंडळी. आजेसासूबाई, मावश्या, कडेवरची पोरं.

आता यावर जे घरगुती उपाय सांगितले जातात ते एकदा तपासून घेऊ. अंडं पाण्यात टाकून पाहायचं, बुडालं तर चांगलं. यातून अंडं ताजं की शिळं एवढंच कळतं, जंतू आहे की नाही ते कळत नाही. कॉफी कडक असते, तिने जंतू मरतील. मरत नाहीत. रम घातली की झालं. तिरामिसूत जेवढी घालतात तेवढ्याने काही होत नाही, आणि गर्भारशीच्या पदार्थात ती घालायचा प्रश्नच नाही. गंमत म्हणजे मूळ तिरामिसूत दारू नव्हतीच, ती नंतरच्या लोकांची भर. लिंबू पिळलं, साखर जास्त घातली, तरी भरवसा नाही. फ्रीजमध्ये जंतूंची वाढ मंदावते, थांबते, पण ते मरत नाहीत. डीप फ्रीजमध्येही मरत नाहीत. आणि फ्रीजमधून बाहेर आल्यावर, आपल्या एप्रिलच्या दुपारी, वीस-तीस मिनिटांत एकाचे दोन व्हायला लागतात.

सालमोनेला मरतो तो आचेने. भिलाईकरांना हे समजायला अवघड जाऊ नये. सोव्हिएत रशियाच्या मदतीने उभारलेल्या इथल्या कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. तेव्हापासून या गावातल्या घराघरांत तापमानाच्या गोष्टी बोलल्या जातात. भट्टीतून लोखंडाचा रस निघतो तो दीड हजार अंशांच्या आसपास. तिथे पन्नास अंश इकडेतिकडे झाले तरी पाळीवरच्या माणसाला जाब द्यावा लागतो. पण त्याच माणसाच्या घरी आपण अंडं "थोडं गरम करून" घेतो! अंड्यासाठी आकडा आहे ७१ अंश सेल्सियस. तिथवर बलक पोचला की सालमोनेलाची भीती उरत नाही. दुधाच्या पाश्चरीकरणाचा आकडा यालाच लागून आहे, ७२ अंशाला पंधरा सेकंद.

म्हणजे गोम अशी की तिरामिसू 'न भाजता' होतं, पण म्हणून ते 'न शिजवता' करावं असं नाही. केक भाजताना भट्टी आपलं काम गुपचूप करून टाकते. इथे भट्टी नाही, म्हणून ती आच आपणच आधी कुठेतरी द्यायची. आमच्या मैत्रिणीच्या डोहाळजेवणासाठी मी अंडं पूर्णच वगळलं. दोन कारणं. एक, गर्भारशीच्या बाबतीत 'बहुधा चालेल' हा शब्द मला चालत नाही. दुसरं, आलेल्या बायकांपैकी निम्म्या अंडं न खाणाऱ्या असणार आणि डोहाळजेवणाच्या पंगतीत कुणी "मला नको" म्हणून वाटी बाजूला सारली तर करणारीचा विरस होतो.

अंडं काढलं की तीन गोष्टी जातात: पिवळसर रंग, तोंडात रेंगाळणारा दाटपणा आणि हलकेपणा. पहिल्या दोन गोष्टींवरचा उपाय तुमच्या कपाटातच आहे. कस्टर्ड पावडर. इंग्लंडातल्या बर्मिंगहॅम गावच्या आल्फ्रेड बर्ड या औषधविक्रेत्याच्या बायकोला अंडं सोसत नसे. तिच्यासाठी म्हणून त्याने १८३७ साली मक्याच्या पिठाची, अंडं नसलेली कस्टर्ड पावडर तयार केली. आपण इतकी वर्षं फ्रूट सॅलडात घालतो ती हीच. बायकोसाठी केलेली वस्तू, दुसऱ्या कुणाच्या बायकोच्या डोहाळ्यांना उपयोगी पडते आहे, पडू दे. हलकेपणासाठी फेटलेलं क्रीम.

राहिलं मस्कार्पोने. इथल्या बाजारात ते मिळेलच असं नाही, आणि मिळालं तर एका डब्यात महिन्याच्या दुधाची आठवण होते. नागपूरहून येणाऱ्या पाहुण्यांना आणायला सांगू, अशी एक सूचना आली होती. नागपूर ते दुर्ग गाडीने चार तास, उन्हाळ्याचे दिवस, मऊ चीजचा डबा नि डब्यात बसलेली माणसं, चौघंही वितळून येतील. तसं काही करू नका. मस्कार्पोने म्हणजे काय हे कळलं की भीती जाते. गरम क्रीममध्ये आंबट घालायचं, ते घट्ट होऊ द्यायचं, फडक्यात बांधून पाणी काढायचं. श्रीखंडाला दह्याचा चक्का करतो, त्याचीच ही श्रीमंत मावसबहीण. लोंबार्दी प्रांतातल्या बायका जे करत आल्या ते आपल्या हाताला जन्मापासून माहीत आहे. आणि यात क्रीम ८५ अंशांपर्यंत तापतं, म्हणजे आचेचं कामही होऊन जातं.

नुसत्या दह्याच्या चक्क्याचं तिरामिसू करावं का, असं पुष्कळ जणी विचारतात. करून पाहिलं तर वाईट लागत नाही, पण ते कॉफीचं श्रीखंड होतं. आंबटपणा कॉफीच्या कडूपणाशी भांडतो. खर्च वाचवायचाच असेल तर मस्कार्पोनेत पाव भाग चक्का मिसळा, त्याहून जास्त नको, आणि दही त्याच दिवशी लागलेलं गोड असू दे. आणखी एक. आपल्याकडे आठवडाभर डब्यात साठवलेली साय असते. लोणी कढवायला ती उत्तम, पण या कामाला तिला हात लावू नका. रोज थोडी थोडी साठवलेली साय आंबूस झालेली असते, आणि फ्रीजमध्येही वाढू शकणारा लिस्टेरिया नावाचा एक जंतू आहे, तो गर्भारशीला फार वाईट. पाकीटबंद, पाश्चराइज्ड क्रीमच घ्या आणि पाकीट नवं फोडा.

बिस्किटांचं सोपं आहे. इटालियन लांबट बिस्किटांत अंडं असतं, भाजलेलं असल्यामुळे धोका नाही, पण शाकाहारी पाहुण्यांना चालणार नाहीत. अंडं न घातलेला साधा स्पंज केक बोटाएवढ्या पट्ट्यांत कापून, तव्यावर मंद आचेवर कोरडा करून घेतला तर सर्वांत छान. दुधाचे टोस्ट चालतात, पण ते वेलदोड्याचे नसावेत, नि कॉफी इतकी पितात की दुसरा काढा करावा लागतो. सगळ्यांत निर्धोक मारी बिस्किट. पाकिटावर हिरवा ठिपका पाहून घ्या, म्हणजे झालं. हे मारी बिस्किटही मूळचं लंडनच्या पीक फ्रीन कंपनीने १८७४ साली रशियाच्या राजकन्येच्या, मारियाच्या, लग्नानिमित्त काढलेलं. भिलाईला रशियन नातं काही नवं नाही, तेव्हा इथे तर मारीच शोभतं.

कॉफीबद्दल गर्भारशीच्या मनात शंका असते ती रास्त आहे. दिवसाला २०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅफिन पोटात जाऊ नये, असं बहुतेक स्त्रीरोगतज्ज्ञ सांगतात. इन्स्टंट कॉफीच्या एका लहान चमच्यात साधारण ६० मिलिग्रॅम कॅफिन धरा. खाली दिलेल्या प्रमाणात चार चमचे आहेत आणि वाट्या बारा होतात, म्हणजे वाटीमागे २० मिलिग्रॅम. एका कप कॉफीच्या तिसरा हिस्सा. त्या दिवशी दुपारचा चहा अर्धा कप घेतला की हिशेब जमला. इथे दक्षिणेकडची घरं पुष्कळ, त्यामुळे शेजारून फिल्टरचा दाट काढा मिळाला तर तो वापरा, सुगंध निराळाच येतो. इंडियन कॉफी हाऊसच्या कॉफीवर वाढलेल्या भिलाईकरांना इन्स्टंट कॉफी पटत नाही, हे मला माहीत आहे. फक्त चिकोरी कमी असलेली पूड घ्या, आणि त्या काढ्यात कॅफिन जास्त असतं, तेव्हा प्रमाण निम्मं ठेवून पाणी वाढवा. सुनेच्या साखरेच्या तपासणीत काही निघालं असेल तर मात्र तिच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाटी पुढे करू नका. पदार्थ गोडच आहे.

आता करायला घेऊ. बारा लहान वाट्यांसाठी साहित्य: २५ टक्के स्निग्धांशाचं पाकीटबंद फ्रेश क्रीम अर्धा लिटर, लिंबाचा गाळलेला रस एक मोठा चमचा, दूध पाव लिटर, व्हॅनिला कस्टर्ड पावडर दोन मोठे चमचे, साखर पाच मोठे चमचे, फेटण्याचं दुधाचं क्रीम २०० मिलिलिटर, पिठीसाखर तीन मोठे चमचे, मारी बिस्किटं तीसेक, इन्स्टंट कॉफी चार लहान चमचे, पाणी ३०० मिलिलिटर, साखर नसलेली कोको पावडर दोन मोठे चमचे. ड्रिंकिंग चॉकलेट नको. त्यात साखर असते आणि वरचा कडवटपणाच जातो.

दोन दिवस आधी संध्याकाळी मस्कार्पोने करा. मोठ्या पातेल्यात पाणी उकळत ठेवून त्यावर दुसरं पातेलं बसवा, खालचं पाणी वरच्या बुडाला लागू देऊ नका. वरच्या पातेल्यात फ्रेश क्रीम घालून हलवत राहा. तापमापक असेल तर ८५ अंश. नसेल तर कडेने बारीक बुडबुडे आणि भरपूर वाफ दिसेपर्यंत, पण उकळी नको. आता लिंबाचा रस घालून पाच मिनिटं हलक्या हाताने ढवळा. इथे बऱ्याच जणी घाबरतात, कारण पनीरसारखं फाटून पाणी वेगळं होईल अशी अपेक्षा असते. तसं होत नाही. क्रीम बासुंदीसारखं चमच्याला लपेटतं, इतकंच. विश्वास ठेवा आणि पातेलं उतरवा. कोमट झालं की उकळून वाळवलेल्या दुहेरी सुती कापडात घालून, चाळणीत ठेवून, चाळणी भांड्यावर आणि भांडं झाकून फ्रीजमध्ये. चक्का टांगतो तसं नळाला टांगायचं नाही. या दिवसांत रात्रभर बाहेर राहिलं तर केलेली सगळी आच फुकट. सकाळी निम्म्याहून थोडं अधिक, लोण्यासारखं मऊ मस्कार्पोने मिळेल.

आदल्या दिवशी सकाळी कस्टर्ड. थोड्या थंड दुधात पावडर कालवून घ्या, उरलेलं दूध साखर घालून उकळा, कालवलेलं ओता आणि चांगलं दोन मिनिटं शिजवा. फ्रूट सॅलडाला करतो त्याच्या दुप्पट दाट व्हायला हवं. पातेलं बर्फाच्या पाण्याच्या परातीत ठेवून ढवळत गार करा, म्हणजे साय धरणार नाही. गार कस्टर्ड रवीने पुन्हा घुसळून गुळगुळीत करा आणि त्यात मस्कार्पोने चमच्याने मिसळा. इथे जोर नको. जास्त फेटलंत तर लोणी सुटेल, आणि ती वेळ ओळखायला मराठी बाईला शिकवावं लागत नाही.

फेटण्याच्या क्रीमची मात्र भिलाईत परीक्षाच असते. फ्रेश क्रीम २५ टक्क्यांचं असतं, ते कितीही फेटलं तरी उभं राहत नाही. त्याला तीस टक्क्यांच्या वरचं लागतं. भांडं आणि मिक्सरची पाती अर्धा तास डीप फ्रीजमध्ये ठेवा, क्रीमही थंडगार हवं, आणि पंखा बंद करून, बर्फावर भांडं ठेवून पहाटेच्या गारव्यात फेटा. पिठीसाखर थोडी थोडी घाला. पाती उचलल्यावर मऊ शेंडा उभा राहिला की लगेच थांबा. केकवाल्यांकडे मिळणारं वनस्पती तेलाचं क्रीम झटकन फुलतं, उन्हाला दादही देत नाही, पण टाळूला चिकटतं आणि कॉफीची चव झाकून टाकतं. अगदीच नाइलाज असेल तर वापरा, मग पिठीसाखर घालू नका. फेटलेलं क्रीम कस्टर्ड-मस्कार्पोनेत तीन वेळा करून अलगद मिसळा.

कॉफी करून पूर्ण गार करा. बिस्किट कॉफीत घातलं न घातलं करून काढायचं, 'एक' म्हणेपर्यंत, 'दोन' म्हटलंत तर हातात चिखल. एका मोठ्या ताटलीत करण्यापेक्षा मी वेगवेगळ्या लहान काचेच्या वाट्यांत थर लावायला सांगितलं: बिस्किट, क्रीम, बिस्किट, क्रीम. याचं कारण दिसण्याचं नाही. बारा वाट्या असल्या की लागतील तेवढ्याच बाहेर काढता येतात. झाकून रात्रभर फ्रीजमध्ये, फ्रीजचा काटा पाच अंशांच्या खाली. कोको वाढायच्या वेळी चहाच्या गाळणीतून भुरभुरायचा, आधी घातला तर ओला होऊन काळे डाग पडतात.

आणि आता खरा कठीण भाग: डोहाळजेवण. सगळे पदार्थ मांडून ठेवायचे, फुलांच्या वाडीत मुलीला बसवायचं, धनुष्यबाणाचे नि झोपाळ्याचे फोटो, ओटी, गाणी, पेढा की बर्फी म्हणून वाट्या उघडणं, त्यात एखादी मावशी उशिरा येणार म्हणून पुन्हा सगळं थांबणार. मांडलेलं ताट दोन तास तसंच राहतं. लाडू-करंज्यांना त्याने काही होत नाही. दुधा-क्रीमचे पदार्थ बाहेर फार तर दोन तास, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास ठेवावेत असा नियम आहे. आपल्या एप्रिलात म्हणजे एकच. तेव्हा फोटोपुरती एक वाटी ताटात मांडा आणि ती नंतर कुणालाही खायला देऊ नका, सुनेला तर नाहीच. बाकी अकरा वाट्या जेवणं आटोपल्यावरच फ्रीजबाहेर. घरातल्या एका जाणत्या मुलीकडे एवढंच काम सोपवा, ती फ्रीजपाशी उभी राहील. या वयाच्या मुलींना असा हुकूम आवडतो.

एरवी, घरात गर्भारशी नसताना, अंड्याचं तिरामिसू करायचं असेल तर तेही कच्चं अंडं न वापरता होतं. चार अंड्यांचे बलक, पाच मोठे चमचे साखर आणि तीन मोठे चमचे दूध एका भांड्यात घेऊन उकळत्या पाण्यावर सतत फेटत राहा. साखरेमुळे बलक लगेच गोठत नाही, त्यामुळे भीती नको. सात-आठ मिनिटांत रंग फिका होतो, घट्ट होतं आणि फेटणी उचलली की पडणारी धार क्षणभर वर दिसत राहते. तापमापकावर ७२ ते ७५ अंश दिसले की उतरवा. तापमापक नसेल तर चमच्याच्या पाठीवर लेप बसला पाहिजे आणि त्यावर बोटाने ओढलेली रेघ तशीच राहिली पाहिजे. हे कस्टर्डच्या जागी वापरायचं, बाकी सगळं तेच. पांढरं मात्र घालूच नका. ते फेटून घालायची पद्धत पुष्कळ पुस्तकांत आहे, पण ते कच्चंच राहतं, आणि त्रेव्हिसोच्या मूळ कृतीतही ते नव्हतं. अंडी फोडण्यापूर्वी धुवा, फोडल्यावर हात साबणाने धुवा, आणि ज्या वाटीत कच्चा बलक होता ती पुन्हा तयार क्रीमसाठी घेऊ नका.

उरलेल्या, फ्रीजमधून न काढलेल्या वाट्या दोन दिवस चांगल्या राहतात. दुसऱ्या दिवशी तर जास्त छान लागतात, रात्रपाळी करून आलेल्या माणसाला सकाळी सातला द्यायला तर फारच. ताटात उष्टं न झालेलं पण बाहेर राहिलेलं असेल ते, जीव कितीही हळहळला तरी, टाकून द्या.